वकिलांना जाहिरात का करता येत नाही?

वकिलांना काम मिळवण्यासाठी जाहिरात करायला बार कौन्सिल ऑफ इंडियाच्या नियम ३६ नुसार मनाई आहे. २००८च्या दुरुस्तीनंतर वेबसाइटवर नाव, संपर्क, नोंदणी, शिक्षण आणि कामाचे क्षेत्र देता येते. फी मात्र त्या यादीत नाही.

मग अभिव्यक्तिस्वातंत्र्याचे काय? जाहिरातीलाही कलम १९(१)(अ)चे संरक्षण आहे, असे सर्वोच्च न्यायालयानेच १९९५ मध्ये टाटा प्रेस खटल्यात म्हटले होते. अमेरिकेत १९७७च्या बेट्स निकालाने वकिलांना ठराविक कामांचे दर छापण्याची मुभा मिळाली. भारतात मात्र जुलै २०२४ मध्ये मद्रास उच्च न्यायालयाने ऑनलाइन पोर्टलवरून काम मिळवणाऱ्या वकिलांवर कारवाईचे निर्देश दिले. वकिली हा धंदा नव्हे, ही त्यामागची भूमिका. यात अडचण होते ती अशिलाची. पहिल्यांदाच कोर्टाची पायरी चढणारा माणूस चार वकिलांची फी ताडून पाहणार तरी कुठे?