चिखल्या आणि त्वचेवरील जंतु

तेर हें गांव संत गोरा कुंभारांचें म्हणून महाराष्ट्रास परिचित आहे. पायांनीं माती तुडवितां तुडवितां नामस्मरणांत देहभान हरपलेला कुंभार लहानथोरांच्या मनांत ठसलेला आहे. भक्तीचा भाग क्षणभर बाजूस ठेवून त्या चित्रांतील पायांकडेच पाहिलें, तर आरोग्यशास्त्रांतील एक प्रश्न उभा राहतो. तासन्‌तास ओल्या मातींत राहणाऱ्या पायांस धोका कशाचा? तेरणेच्या कांठीं पावसाळ्यांत शेतांत राबणाऱ्यांसहि हा प्रश्न तितकाच लागू आहे.

निरोगी त्वचेवरहि असंख्य सूक्ष्म जंतूंची वस्ती असते. ते बहुधा निरुपद्रवी असतात. इतकेंच नव्हे, तर जागा व अन्न अडवून ते परक्या जंतूंस थारा मिळूं देत नाहींत. त्वचेचा वरचा थर मृत पेशींचा, कोरडा आणि किंचित् आम्लधर्मी असतो. त्याच्या पेशी सतत झडतात व त्यांबरोबर जंतुहि गळून पडतात. अशा तटबंदींतून आंत शिरणें जंतूंस सोपें नाहीं. अनर्थ ओढवतो तो तटास भेग पडल्यावर.

ही भेग पाडण्याचें काम पावसाळ्यांत चिखल्या करितात. सतत ओलावा राहिल्यानें बोटांच्या बेचक्यांतील कातडी पांढरी व मऊ पडते, विशेषतः करंगळीजवळ. तेथें बुरशी वाढते, खाज सुटते आणि कातडी फाटते. पुष्कळांस ही क्षुल्लक बाब वाटते. परंतु याच भेगेंतून साखळीसारखे जुळलेले ‘स्ट्रेप्टोकोकस’ जंतु आंत शिरतात. मग पाय लाल होतो, तापतो, सुजतो, हुडहुडी भरून ताप येतो. यासच धांवरें म्हणतात. मधुमेही मनुष्याच्या पायाची संवेदना मंदावलेली असल्यास भेग पडल्याचें त्यास कळतहि नाहीं.

करट उठविणारा जंतु निराळा. 1882 मध्यें अलेक्झांडर ऑग्स्टन या स्कॉटिश शल्यवैद्यानें द्राक्षांच्या घोसासारखी रचना पाहून त्यास ‘स्टॅफिलोकोकस’ हें नांव दिलें. त्याची एक जात कित्येक निरोगी माणसांच्या नाकांत बिनबोभाट राहते. नाकांतलें बोट खाजवलेल्या जागीं गेलें कीं ती केसाच्या मुळाशीं शिरते. तेथें रक्तांतील पांढऱ्या पेशी तिच्याशीं झुंजतात. पू म्हणजे बव्हंशीं त्या झुंजींत मेलेल्या पेशी व जंतु. करट पिळल्यानें हेच जंतु खोल ढकलले जातात, हें आजीबाईच्या बटव्यांत नसलेलें ज्ञान!

पेनिसिलिनचा शोध 1928 मध्यें लागला. पुण्याजवळ पिंपरीस त्याचें उत्पादन 1955 मध्यें सुरू झालें. स्टॅफिलोकोकसच्या बहुतेक वाणांनीं या औषधास दाद देणें सोडलें. पण धांवऱ्याच्या जंतूंवर तें अद्याप गुणकारी आहे. तथापि औषधानें ताप उतरला तरी भेग उघडीच राहिली, तर जंतु पुन्हां शिरतात. दर खेपेस पायांतील रसवाहिन्या अधिक निकामी होतात आणि अखेर सूज कायमची ठाण मांडते. म्हणून धांवऱ्याबरोबर चिखल्यांवरहि उपचार व्हावयास हवा. पाय धुऊन बेचकीं कोरडीं पुसावींत आणि बुरशीनाशक मलम वैद्यांनीं सांगितलेल्या मुदतीपर्यंत लावावें. दुकानांतून परस्पर आणलेलें स्टेरॉइडमिश्रित मलम खाज तत्काळ शमवितें खरें, परंतु त्याच्या आडोशानें बुरशी पसरत जाते.