शिकवणार कोण? : अमेरिकेतील छोट्या लिबरल आर्ट्स कॉलेजांविषयी

अमेरिकेच्या आयोवा राज्यात, मक्याच्या शेतांनी वेढलेल्या ग्रिनेल गावी, ग्रँट गेल नावाचे प्राध्यापक पदार्थविज्ञान शिकवत. १९४८ साली बेल लॅबोरेटरीने ट्रान्झिस्टरचा शोध जाहीर केला. शोध लावणाऱ्यांपैकी जॉन बार्डीन गेल यांच्या ओळखीचे होते. गेल यांनी पत्रव्यवहार करून या नव्या वस्तूची माहिती मिळवली आणि ती आपल्या विद्यार्थ्यांपुढे ठेवली. मोठमोठ्या विद्यापीठांतही हा विषय तेव्हा अभ्यासक्रमात आलेला नव्हता. या विद्यार्थ्यांत रॉबर्ट नॉइस होता. मित्रांच्या मेजवानीसाठी जवळच्या शेतातून डुक्कर पळवल्याबद्दल त्याला कॉलेजातून कायमचे काढण्याची वेळ आली होती, तेव्हाही गेल मध्ये पडले होते आणि शिक्षा एका सत्रापुरती ठरली. १९४९ साली नॉइस पदवीधर झाला, दहा वर्षांनी त्याने एकाच सिलिकॉनच्या तुकड्यावर संपूर्ण सर्किट बसवण्याची रीत काढली आणि १९६८ साली गॉर्डन मूर यांच्यासोबत इंटेल स्थापन केली.

या हकिकतीत प्रयोगशाळेची श्रीमंती कुठेच नाही. आहे तो एक शिक्षक, ज्याला आपल्या वर्गातला मुलगा नावानिशी आणि गुणदोषांसकट ठाऊक होता. अमेरिकेत पदवीसाठी मुलांना पाठवू पाहणाऱ्या मराठी पालकांच्या यादीत हार्वर्ड, स्टॅनफर्ड, पर्ड्यू ही नावे असतात. ग्रिनेल, कार्लटन, स्वार्थमोर, पोमोना ही सहसा नसतात. पदवीच्या चार वर्षांपुरते बोलायचे तर कित्येक विद्यार्थ्यांसाठी ही दुसरी यादी अधिक चांगली आहे, असे माझे ठाम मत आहे. पण या यादीतून निवड करायची तर कॉलेजांच्या क्रमवारीचा तक्ता बाजूला ठेवून आधी विचारले पाहिजे की तिथे शिकवणार कोण.

मोठ्या संशोधन विद्यापीठात नामवंत प्राध्यापक असतात, पण त्यांचा वेळ प्रयोगशाळेत, अनुदानाच्या अर्जांत आणि पीएच.डी.च्या विद्यार्थ्यांत जातो. पहिल्या वर्षाचे व्याख्यान तीनशे जणांसमोर होते आणि शंका विचारायला समोर बसतो तो स्वतःच अजून शिकत असलेला टीचिंग असिस्टंट. लिबरल आर्ट्स कॉलेजात बहुधा पीएच.डी.चे विद्यार्थी नसतातच. एकूण विद्यार्थी दीड-दोन हजार, वर्ग पंधरा-वीसचा, आणि निबंध तपासण्यापासून प्रयोगशाळेत शेजारी उभे राहण्यापर्यंत सगळे काम प्राध्यापकच करतो. संशोधनात मदतनीस हवा असेल तर त्यालाही पदवीचाच विद्यार्थी घ्यावा लागतो. इथे गणित, रसायनशास्त्र, कॉम्प्युटर सायन्स, अर्थशास्त्र, संगीत, इतिहास हे सगळे एका छताखाली असते. मेजर म्हणजे मुख्य विषय बहुतेक ठिकाणी दुसऱ्या वर्षाच्या अखेरीस ठरवतात, त्यामुळे बारावीच्या जूनमध्ये आयुष्याचा निकाल लावण्याची सक्ती उरत नाही.

विज्ञानाच्या मुलाने अशा कॉलेजात जाऊ नये, ही समजूत आपल्याकडे पक्की आहे. ग्रिनेलचेच १९७० चे पदवीधर टॉमस चेक यांना १९८९ साली रसायनशास्त्राचे नोबेल मिळाले. पुढे १९९९ मध्ये त्यांनी या विषयावर सविस्तर लेख लिहून दाखवले, की विद्यार्थिसंख्येच्या मानाने पाहिले तर चांगल्या लिबरल आर्ट्स कॉलेजांतून विज्ञानातल्या पीएच.डी.कडे जाणाऱ्यांचे प्रमाण इतर संस्थांच्या साधारण दुप्पट आहे. जनुकसंपादनासाठी २०२० साली नोबेल मिळवणाऱ्या जेनिफर डाउडना पोमोना कॉलेजच्या.

या परंपरेचे मूळ न्यू इंग्लंडमध्ये आहे, आणि तिथून एक धागा थेट मुंबईला येतो. मॅसॅच्युसेट्सच्या डोंगराळ भागातले विल्यम्स कॉलेज १७९३ चे. तिथून १८०८ साली पदवीधर झालेला गॉर्डन हॉल १८१३ च्या फेब्रुवारीत मुंबई बंदरात उतरला. अमेरिकन मराठी मिशनची सुरुवात त्याने आणि त्याच्या सहकाऱ्यांनी केली. मराठी शिकून शाळा काढल्या, भाषांतरे केली. धर्मप्रसार हाच त्यांचा हेतू होता, तो लपवण्याचे कारण नाही. पण याच मिशनने पुढे ‘ज्ञानोदय’ हे नियतकालिक चालवले, आणि मिशनच्या अहमदनगरच्या मुलींच्या शाळा पाहून आपल्याला पुण्यात तशी शाळा काढावीशी वाटली, हे जोतीराव फुल्यांनीच सांगितले आहे. विल्यम्सचे १८३६ ते १८७२ या काळातले अध्यक्ष मार्क हॉपकिन्स पुढे हॉलला पाठवणाऱ्या मिशन बोर्डाचेही अध्यक्ष झाले. हॉपकिन्स यांचे विद्यार्थी जेम्स गारफील्ड अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष झाले. ओंडक्याच्या एका टोकाला हॉपकिन्स आणि दुसऱ्या टोकाला विद्यार्थी बसला की कॉलेज झाले, अशा अर्थाचे गारफील्ड यांचे उद्गार अमेरिकेत अजून सांगितले जातात. विल्यम्सने हे आजही जवळजवळ शब्दशः पाळले आहे. तिथल्या ट्युटोरियलमध्ये प्राध्यापकासमोर दोनच विद्यार्थी असतात. एका आठवड्यात एकाने निबंध लिहून वाचायचा आणि दुसऱ्याने त्याची चिकित्सा करायची, पुढच्या आठवड्यात उलट. मागे बसून वेळ काढायला तिथे जागाच नसते.

बाहेरून सारखी दिसणारी ही कॉलेजे आतून फार निराळी आहेत. अॅमहर्स्ट आणि ग्रिनेल इथे पहिल्या वर्षाचा एक चर्चावर्ग सोडला तर सर्वांना सक्तीचा असा विषय नाही. स्वतःला काय हवे हे ज्याला थोडेफार उमगले आहे, त्याला हे मोकळे रान मानवते. ज्याला उमगलेले नाही त्याला तिथे चांगला सल्लागार प्राध्यापक मिळणे अत्यावश्यक. याच्या अगदी उलट सेंट जॉन्स कॉलेज. १९३७ पासून तिथे सगळे विद्यार्थी प्लेटो-युक्लिडपासून निघून ठरलेल्या ग्रंथांची एकच वाट चालतात. पोर्टलंडच्या रीड कॉलेजात शेवटच्या वर्षी प्रत्येकाला प्रबंध लिहावाच लागतो, आणि तिथली संशोधनासाठीची छोटी अणुभट्टी पदवीचे विद्यार्थीच परवाना मिळवून चालवतात. स्वार्थमोरने १९२२ साली ऑक्सफर्डच्या धर्तीवर ऑनर्सची पद्धत आणली. वर्षभर शिकवणारा प्राध्यापक या पद्धतीत अंतिम परीक्षा घेत नाही, त्यासाठी बाहेरचे तज्ज्ञ येतात. शिकवणारा आणि शिकणारा त्यामुळे एकाच बाजूला येतात, आणि मला ही सगळ्यात शहाणी व्यवस्था वाटते. इंजिनीअरिंग हवेच असेल तर ते स्वार्थमोरमध्येही आहे. कॅलिफोर्नियातले हार्वी मड तर १९५५ मध्ये विज्ञान आणि इंजिनीअरिंगसाठीच निघाले.

मराठी वाचकाला सर्वांत जवळचे वाटावे असे उदाहरण मात्र मिनेसोटातल्या नॉर्थफील्ड गावचे आहे. एलिनॉर झेलियट यांनी डॉ. आंबेडकर आणि महार चळवळ या विषयावर पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात १९६९ साली पीएच.डी. मिळवली. अमेरिकी विद्यापीठांत या विषयाची फारशी दखलही नव्हती, तेव्हाची ही गोष्ट. त्यानंतर १९९७ पर्यंत त्या शिकवत राहिल्या त्या नॉर्थफील्डच्या कार्लटन कॉलेजात. म्हणजे चोखामेळा, एकनाथ, दलित साहित्य आणि आंबेडकरी चळवळ यांवर जगातल्या मोजक्या अधिकारी व्यक्तींपैकी एक व्यक्ती अठरा-एकोणीस वर्षांच्या मुलांचे पेपर तपासत होती. मध्यपश्चिमेतल्या अशा कॉलेजांच्या संघाचा पुण्यातला उपक्रमही १९६० च्या दशकाच्या अखेरीपासून अनेक वर्षे चालला. त्या उपक्रमातली मुले पुण्यातल्या घरांत राहत, मराठी शिकत आणि एखादा विषय घेऊन स्वतंत्र अभ्यास करत. महाराष्ट्राविषयी पुढे लिहिणारे काही अभ्यासक याच वाटेने आले.

तेव्हा कॉलेज पारखताना संकेतस्थळावरचे हसरे फोटो सोडून द्यावेत आणि कोर्स कॅटलॉग उघडावा. कॅटलॉगमध्ये छापलेले सगळे विषय दर वर्षी शिकवले जात नाहीत, म्हणून गेल्या चार सत्रांत प्रत्यक्ष काय शिकवले गेले ते वेळापत्रकात पाहावे. विभागात कायम प्राध्यापक किती आणि वर्षा-वर्षाच्या करारावरचे किती, हेही पाहावे. चारच प्राध्यापकांच्या विभागात एक जण अभ्यासरजेवर गेला की पाव विभाग बंद होतो. छोट्या कॉलेजाची ही खरी अडचण आहे. खूप पुढे गेलेल्या गणिताच्या विद्यार्थ्याला तिसऱ्या वर्षापर्यंत विषय संपल्यासारखे वाटू शकते. तिथे शेजार कामाला येतो. कॅलिफोर्नियात क्लेअरमाँटची पाच कॉलेजे एकमेकांना लागून आहेत आणि एकाचा विद्यार्थी दुसऱ्याच्या वर्गात बसू शकतो. अॅमहर्स्टच्या विद्यार्थ्याला मॅसॅच्युसेट्सचे सरकारी विद्यापीठ त्याच गावात उपलब्ध आहे. ग्रिनेलला असा शेजार नाही. गाव नऊ हजार वस्तीचे, हिवाळा कडक. पुण्या-मुंबईच्या गजबजाटात वाढलेल्या मुलाने याचा विचार आधीच करावा.

आता पैशांकडे. राहण्या-जेवणासह वर्षाचा छापील खर्च बहुतेक नामवंत कॉलेजांत ८० हजार डॉलरच्या पुढे गेला आहे. आकडा पाहून बहुतेक घरांत विषय तिथेच संपतो, आणि याचे मला मनापासून वाईट वाटते, कारण यांतली श्रीमंत कॉलेजे छापील आकडा सर्वांकडून घेत नाहीत. इंटेल निघाली तेव्हाच ग्रिनेलने आपल्या ठेवनिधीतून तिच्यात पैसे घातले होते. आज सुमारे १७०० विद्यार्थ्यांच्या या कॉलेजचा निधी २०० कोटी डॉलरहून मोठा आहे. अॅमहर्स्ट आणि बोडन ही कॉलेजे परदेशी विद्यार्थ्याचाही प्रवेश ठरवताना त्याने आर्थिक मदत मागितली आहे की नाही हे पाहत नाहीत आणि प्रवेश दिल्यावर कुटुंबाच्या कुवतीपलीकडचा खर्च उचलतात. विल्यम्सने २०२२ पासून मदतीतून कर्ज हा प्रकारच काढून टाकला. केंटकीतले बेरिया कॉलेज १८५५ मध्ये गुलामगिरीच्या विरोधकांनी काढले. तिथे कुणालाच शिक्षणशुल्क नाही, त्याऐवजी प्रत्येक विद्यार्थी आठवड्याला किमान दहा तास कॉलेजात काम करतो. परदेशी विद्यार्थ्यांसाठी तिथल्या जागा अगदी थोड्या.

इतर बऱ्याच ठिकाणी मात्र परदेशी अर्जदाराने मदत मागितली की प्रवेशाची शक्यता कमी होते. म्हणून वडिलांनी ‘आधी प्रवेश मिळू दे, पैशाचे मग बघू’ म्हणणे इथे अंगाशी येऊ शकते. सुरुवातीला मदत न मागता प्रवेश घेतलेल्या परदेशी विद्यार्थ्याला नंतर ती मिळेलच याची हमी बहुतेक कॉलेजे देत नाहीत. नोव्हेंबरच्या अर्ली डिसिजनचा अर्ज बांधून टाकणारा असतो, म्हणजे प्रवेश मिळाला तर तिथेच जावे लागते. त्यावर विद्यार्थी, पालक आणि शाळा तिघांच्या सह्या लागतात. चार कॉलेजांच्या मदतीची तुलना करून ठरवायचे असेल तर तो अर्ज करू नये.

निधी पाहायचे दुसरे कारण अधिक गंभीर आहे. व्हर्माँटचे मार्लबरो कॉलेज वर्गाच्या आकाराबाबत आदर्श म्हणावे असे होते. ते २०२० मध्ये बंद झाले. न्यूयॉर्क राज्यातले दीडशे वर्षांचे वेल्स कॉलेज आणि अलाबामातले बर्मिंगहॅम-सदर्न २०२४ मध्ये बंद झाले. कॉलेज बंद पडले की परदेशी विद्यार्थ्याचा एफ-१ व्हिसाही टांगणीला लागतो. तेव्हा अनोळखी कॉलेजाकडून भरघोस स्कॉलरशिपचे पत्र आले, तर आनंद करण्याआधी त्याची विद्यार्थिसंख्या पाच वर्षांत किती घटली ते पाहावे. नोकरीचे म्हणाल तर पदवीनंतर वर्षभर काम करण्याची सवलत आहे आणि विज्ञान, तंत्रज्ञान व गणिताच्या विषयांना ती आणखी २४ महिने मिळते. पण हे नियम बदलत असतात आणि केवळ त्यांच्या भरवशावर कर्ज काढू नये.

आपल्याकडेही आता असे प्रयत्न उभे आहेत. पुण्याजवळ लवळ्याचे फ्लेम, बंगळुरूचे अझीम प्रेमजी विद्यापीठ, सोनिपतचे २०१४ मध्ये सुरू झालेले अशोका, आंध्रातले क्रेआ. २०२० च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणाने चार वर्षांच्या पदवीला मान्यता दिल्यावर त्यांची वाट सोपी झाली. इथेही पहिला प्रश्न शिक्षकाचाच. २०२१ मध्ये अशोकातले प्राध्यापक प्रताप भानू मेहता यांनी राजीनामा देताना आपण संस्थेला राजकीय ओझे ठरत असल्याचे लिहिले होते. शिक्षकाला मोकळेपणाने लिहिता-बोलता येते का, हे पालकांनी वसतिगृहाच्या खोलीइतकेच बारकाईने विचारावे. मुळात ही कल्पना आपल्याला परकी नाही. १८८५ मध्ये सुरू झालेल्या फर्ग्युसनमध्ये गोखल्यांसारखा माणूस महिना ७५ रुपयांवर वीस वर्षे शिकवण्याचे व्रत घेऊन उभा होता, आणि ते कॉलेज ओळखले जाई ते अशा शिक्षकांमुळे.

अमेरिकेतल्या कॉलेजांसाठी अर्जाची तयारी अकरावीतच सुरू करावी लागते. नेहमीच्या अर्जाची मुदत जानेवारीच्या आरंभी संपते, म्हणजे आपल्या बारावीच्या बोर्डाच्या ऐन तयारीत. निबंध, इंग्रजीची परीक्षा, उत्पन्नाची कागदपत्रे ही कामे मेहनतीने होतात. सगळ्यात अवघड पडते ती शिफारसपत्रे. दोन विषय-शिक्षकांनी या मुलाविषयी, त्याच्या प्रश्नांविषयी, त्याच्या चुका आणि जिद्दीविषयी लिहावे अशी या कॉलेजांची अपेक्षा असते. ‘इंटिग्रेटेड’ व्यवस्थेत नाव एका ज्युनिअर कॉलेजात आणि दिवस कोचिंग क्लासमध्ये घालवणाऱ्या हुशार मुलाला असे लिहू शकणारे दोन शिक्षकच नसतात. ज्या घरांत या वाटेचा विचार आहे, त्यांनी अकरावीचे कॉलेज निवडताना तिथले शिक्षक रोज वर्गावर येतात का आणि मुले वर्गात बसतात का, एवढे तरी स्वतः जाऊन पाहावे.