स्त्रियांचा पक्ष आणि बारबालांची लढाई : वर्षा काळे

वर्षा काळे यांच्या अध्यक्षतेखाली 2003 मध्ये महाराष्ट्रात भारतीय स्त्रीवादी पक्ष उभा राहिला. बहुतेक पक्षांना महिला आघाडी असते. हळदीकुंकवापासून मोर्चापर्यंतची कामे तिच्याकडे आणि तिकीटवाटप मात्र दुसरीकडे, ही रीत जुनीच. स्त्रीवादी पक्षात मात्र नेतृत्वच स्त्रियांकडे होते. पक्षाचा एकही उमेदवार विधानसभेत पोहोचला नाही. तरीही काळे यांचे नाव राज्यभर झाले ते दुसऱ्याच कामामुळे.

मुंबई-ठाणे पट्ट्यातील डान्स बारमध्ये नाचणाऱ्या स्त्रियांची भारतीय बारगर्ल्स युनियन 2004 मध्ये पुढे आली. तिच्याही अध्यक्ष काळेच होत्या. या स्त्रियांना ठरलेला पगार क्वचितच मिळे. गिऱ्हाइकांनी उधळलेल्या नोटांतून बारमालकाचा वाटा जाई आणि उरलेल्यावर गावाकडची घरे चालत. धाड पडली की अटक त्यांना, बदनामीही त्यांचीच. त्याच वर्षी मुंबईच्या आझाद मैदानावर त्या जमल्या तेव्हा अनेकींनी ओढणीने चेहरे झाकले होते. मते मिळवून देणारा हा वर्ग नव्हता. मोठे पक्ष ज्यांच्या शेजारी उभे राहायला कचरत होते, त्यांचे प्रतिनिधित्व काळे यांनी उघडपणे स्वीकारले. त्यांच्या राजकारणातली सर्वांत मोलाची गोष्ट हीच म्हणावी लागेल.

2005 मध्ये राज्य सरकारने मुंबई पोलीस अधिनियमात 33अ आणि 33ब ही कलमे घातली आणि 15 ऑगस्टपासून डान्स बार बंद झाले. सुमारे 75 हजार स्त्रियांचा रोजगार गेला, असे तेव्हा सांगितले जात होते. कायद्यातली मेख 33ब मध्ये होती : तीन तारांकित व त्यावरची हॉटेले आणि केवळ सभासदांसाठीचे क्लब यांना नाच चालू ठेवण्याची मोकळीक होती. म्हणजे नाच तोच, पण साध्या बारमध्ये गुन्हा आणि महागड्या हॉटेलात करमणूक. बारमालकांबरोबर युनियनही मुंबई उच्च न्यायालयात गेली. एसएनडीटी महिला विद्यापीठाचे स्त्री अभ्यास केंद्र आणि स्त्री अत्याचार विरोधी मंच यांनी 500 बारबालांचा केलेला अभ्यासही या वादात महत्त्वाचा ठरला. 12 एप्रिल 2006 रोजी न्यायालयाने बंदी घटनाबाह्य ठरवली. समानतेचा हक्क आणि व्यवसायाचे स्वातंत्र्य, दोन्हींचा भंग झाल्याचे निकालात नमूद होते. सर्वोच्च न्यायालयाने 16 जुलै 2013 रोजी हाच निकाल कायम केला.

सरकारने 2014 मध्ये मोठ्या हॉटेलांची सवलत काढून बंदी पुन्हा आणली आणि 2016 मध्ये कडक अटींचा नवा कायदा केला. जानेवारी 2019 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यातल्या काही अटी रद्द केल्या. नोटा उधळण्याची मनाई राहिली, बक्षिशी देण्यास मुभा मिळाली. पण निकाल लागेपर्यंत एका नाचणारीचे कमावते वय सरून जाते. न्यायालयात जिंकलेल्या कित्येकींना त्या विजयाचा उपयोग उरला नव्हता.

स्त्रियांचे स्वतंत्र पक्ष उभारण्याचे प्रयत्न पुढेही झाले. 2007 मध्ये दिल्लीत सुमन कृष्णकांत यांनी युनायटेड विमेन फ्रंट स्थापन केला. डिसेंबर 2018 मध्ये हैदराबादच्या डॉ. श्वेता शेट्टी यांनी नॅशनल विमेन्स पार्टीची घोषणा केली. लोकसभेत स्त्रियांना निम्म्या जागा, ही तिची मागणी होती.

तेलंगणातील आदिलाबाद जिल्ह्यात मात्र स्त्रिया अशा वेगळ्या पक्षांतून नव्हे, तर प्रस्थापित पक्षांतूनच पुढे आल्या. जुन्या अखंड जिल्ह्यातील खानापूरमधून सुमन राठोड व रेखा नायक, आसिफाबादमधून कोवा लक्ष्मी विधानसभेवर गेल्या. आदिलाबाद लोकसभा मतदारसंघाने 1952 पासून एकदाही स्त्री खासदार दिलेली नाही. 2024 मध्ये काँग्रेसने आत्राम सुगुणा यांना उभे केले, पण भाजपचे गोडम नगेश निवडून आले.