वैवाहिक जीवनातील अवाजवी वर्तन : ओळख आणि प्रतिसाद

‘नवऱ्याने मारले आणि पावसाने झोडपले, तर तक्रार कोणाकडे करावी?’ अशी एक म्हण आपल्याकडे रूढ आहे. घराच्या आतील जाच हा पावसासारखा नैसर्गिक असून त्यावर दाद मागण्याचे स्थानच अस्तित्वात नाही, हे गृहीत या म्हणीच्या मुळाशी आहे. गेल्या सुमारे दीडशे वर्षांत कायदा, मानसशास्त्र व समाजकार्य या तिन्ही शास्त्रांनी या गृहीताला क्रमाक्रमाने छेद दिला. तथापि दाद मागण्याचे स्थान निर्माण झाले म्हणजे प्रश्न संपला असे होत नाही. आपल्या वाट्याला येत आहे तो संसारातील नेहमीचा खटका आहे, की सहन करू नये असे काही आहे, हे ज्याचे त्याला ओळखता यावे लागते. प्रस्तुत लेखात प्रथम या ओळखीचा, आणि तदनंतर प्रतिसादाचा विचार करावयाचा आहे.

मराठी भाषेत या क्षेत्रातील शब्दांची वाण नाही. कटकट, धुसफूस, कुरबुर, टोमणा, अबोला, जाच, छळ, सासुरवास असे अनेक शब्द आपण सहज वापरतो. परंतु त्यांतील ‘सासुरवास’ हा शब्द छळाची जबाबदारी सासरच्या माणसांवर, विशेषतः सासूवर, टाकतो व पतीला काहीसा बाजूला ठेवतो. उलटपक्षी ‘कुरबुर’ किंवा ‘धुसफूस’ हे शब्द दोन्ही पक्षांना समान पातळीवर आणतात. जोडीदाराकडून होणाऱ्या एकतर्फी व सातत्यपूर्ण जाचाला नेमके नाव नसल्यामुळे तो बहुधा ‘कुरबुरी’च्या खात्यात जमा होतो. ओळखीतील पहिली अडचण ती हीच.

भांडण आणि जाच यांतील भेद

भांडण नसलेला संसार विरळा. म्हणून भांडण होते की नाही, हा निकष निरुपयोगी आहे. अमेरिकन समाजशास्त्रज्ञ मायकेल जॉन्सन यांनी १९९५ साली मांडलेला भेद येथे उपयुक्त ठरतो. एका प्रकारात विशिष्ट वाद विकोपाला जाऊन कोणाकडूनही प्रमाद घडतो. दुसऱ्या प्रकारात एक जोडीदार दुसऱ्याच्या संपूर्ण जीवनावर ताबा मिळविण्यासाठी धमकी, पैसा, एकाकीपणा व प्रसंगी मारहाण ही साधने पद्धतशीरपणे वापरतो. या दोन प्रकारांची कारणे, परिणाम व उपाय निरनिराळे असल्याने त्यांची गल्लत करणे धोक्याचे आहे.

व्यवहारात हा भेद ओळखण्यासाठी तीन प्रश्न विचारावेत. पहिला प्रश्न पुनरावृत्तीचा. ही एखाद्या दिवसाची चूक आहे, की कारणे बदलली तरी वर्तनाचा साचा तोच राहतो? दुसरा प्रश्न भीतीच्या दिशेचा. वादाच्या वेळी दोघेही संतापतात. परंतु वाद संपल्यावर कोण कोणाला भिते? बोलण्यापूर्वी शब्द तोलून पाहण्याची, घरी येताना पाऊल अडखळण्याची वेळ एकावरच येत असेल, तर तेथे समानतेचे भांडण उरलेले नाही. तिसरा प्रश्न जीवनाच्या आकुंचनाचा. विवाहानंतर माहेरी जाणे, मित्रमैत्रिणी, नोकरी, अभ्यास, स्वतःच्या पगारावरील हक्क यांपैकी काय काय क्रमाने सुटत गेले? एकेक गोष्ट क्षुल्लक वाटते. त्यांची बेरीज मांडल्याखेरीज चित्र दिसत नाही.

या दृष्टीने पाहता दरमहा पगार काढून घेणे व प्रत्येक रुपयाचा हिशेब मागणे, भ्रमणध्वनी तपासणे, चारचौघांत अक्कल काढणे, आठवडेच्या आठवडे अबोला धरून शरण यावयास लावणे, ‘सोडून गेलीस तर जीव देईन’ अशी धमकी देणे, झालेली घटना झालीच नाही असे ठासून सांगून समोरच्याला स्वतःच्या स्मरणाविषयी साशंक करणे, ही सर्व अवाजवी वर्तनाचीच रूपे ठरतात. यांत हात उगारला गेला नसला तरी फरक पडत नाही. तसेच हे वर्तन पत्नीकडूनही पतीच्या बाबतीत घडू शकते, हे नमूद करणे अवश्य आहे. परंतु मालमत्ता, मिळकत व राहते घर यांवरील नियंत्रण आपल्या समाजात बहुतांशी पुरुषांकडे असल्याने त्याचा भार स्त्रियांवर अधिक पडतो. २०१९–२१ या काळातील पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार १८ ते ४९ वयोगटातील विवाहित (घटस्फोटित, विभक्त व विधवा धरून) स्त्रियांपैकी सुमारे २९ टक्के स्त्रियांनी पतीकडून हिंसा अनुभवली होती. याच पाहणीत शारीरिक वा लैंगिक हिंसा अनुभवलेल्या स्त्रियांपैकी सुमारे १४ टक्के स्त्रियांनीच कोणाकडे तरी मदत मागितली होती.

न्यायालयांच्या दृष्टीतील परिवर्तन

सहन करण्याची मर्यादा कोठे संपते, या प्रश्नाचे न्यायालयांनी दिलेले उत्तर काळानुरूप बदलत गेले आहे. मुंबईत १८८४ साली रखमाबाईंविरुद्ध त्यांच्या पतीने नांदावयास येण्याविषयी दावा लावला. १८८५ साली न्यायमूर्ती पिन्ही यांनी तो फेटाळला. परंतु अपिलानंतर, १८८७ च्या मार्च महिन्यात, पतीकडे जावे अन्यथा सहा महिन्यांचा कारावास भोगावा, असा निर्णय झाला. रखमाबाईंनी कारावास पत्करण्याची तयारी दर्शविली आणि १८८८ साली तडजोड होऊन प्रकरण मिटले. या खटल्यात केंद्रस्थानी होता तो पतीचा हक्क. पत्नीची इच्छा वा तिला वाटणारी अढी हा निर्णायक मुद्दा ठरू शकला नाही.

१९५५ च्या हिंदू विवाह कायद्याने क्रूरतेची जी कसोटी घातली, ती अशी : जोडीदारासमवेत राहणे आपणास अपायकारक होईल अशी वाजवी भीती अर्जदाराच्या मनात उत्पन्न झाली पाहिजे. त्या वेळी या कारणास्तव केवळ न्यायिक फारकत मिळू शके. १९७६ च्या दुरुस्तीने क्रूरता हे घटस्फोटाचेही कारण झाले, आणि ‘वाजवी भीती’चे शब्द कलमातून गळून पडले.

या दोहोंच्या दरम्यान, १९७५ च्या मार्चमध्ये, सर्वोच्च न्यायालयाने एका मराठी दांपत्याच्या खटल्यात दिलेला निर्णय अभ्यासकांनी मुळातून वाचण्याजोगा आहे. न्यायमूर्ती यशवंत विष्णु चंद्रचूड यांनी लिहिलेल्या या निर्णयात पुढील तीन तत्त्वे आढळतात. एक, क्रूरता सिद्ध करण्यास फौजदारी खटल्यासारखा निःसंशय पुरावा लागत नाही; संभाव्यतेचे पारडे कोणत्या बाजूला झुकते एवढे पाहणे पुरे. दोन, आदर्श पती वा आदर्श पत्नी कल्पून वर्तन मोजावयाचे नाही. समोर उभ्या असलेल्या या विशिष्ट पुरुषावर आणि या विशिष्ट स्त्रीवर त्याचा काय परिणाम झाला हे पाहावयाचे. तीन, क्रूरता सिद्ध झाली तरी पीडित पक्षाने तिला क्षमा केली असेल, तर दाद मिळत नाही. त्या खटल्यात पत्नीने घर पेटविण्याची व आत्मघाताची धमकी देणे, पतीच्या मातापित्यांना अपशब्द बोलणे ही क्रूरता होय असे ठरले. परंतु त्यानंतरही पतीने वैवाहिक संबंध चालू ठेवल्यामुळे त्याने क्षमा केली असा निष्कर्ष निघून अपील फेटाळले गेले.

पुढे १९९३ साली मानसिक क्रूरतेची व्याख्या करताना, उभयतांनी एकत्र राहावे अशी वाजवी अपेक्षाच धरता येणार नाही असे वर्तन, ही कसोटी न्यायालयाने मांडली. २००७ च्या निर्णयात सोळा उदाहरणे देण्यात आली. ती परिपूर्ण नाहीत हे सांगतानाच संसारातील नित्याची झीज व किरकोळ खटके यांना क्रूरता म्हणता येणार नाही असेही बजावण्यात आले. २००५ च्या कौटुंबिक हिंसाचारापासून स्त्रियांचे संरक्षण करणाऱ्या कायद्याने शारीरिक, लैंगिक, शाब्दिक व भावनिक आणि आर्थिक अशा चारही प्रकारच्या छळाची नोंद घेतली. हा कायदा २६ ऑक्टोबर २००६ पासून अमलात आहे.

परतणे म्हणजे संमती नव्हे

१९७५ च्या निर्णयातील क्षमेचे तत्त्व समाजशास्त्राच्या अभ्यासकाला विचारात पाडणारे आहे. छळ सोसून माणूस पुन्हा त्याच घरात का जातो? पैसा नसतो, मुले लहान असतात, माहेर ‘तुझे घर तेच’ म्हणते, छळानंतर पश्चात्तापाचे काही गोड दिवस येतात आणि आशा पुन्हा पालवते. त्यामुळे परतणे हे क्षमेचे लक्षण असेलच असे नाही. ते पुष्कळदा पर्यायाच्या अभावाचे लक्षण असते. कायद्यातही क्षमा ही सशर्त मानलेली आहे : वर्तन पुन्हा बिघडले तर पूर्वीची क्रूरता पुनरुज्जीवित होते. ‘इतकी वर्षे राहिलीस, मग आताच तक्रार का?’ हा प्रश्न नातेवाइकांकडून सर्रास विचारला जातो. तो शास्त्रीय दृष्ट्याही चुकीचा आहे आणि कायदेशीर दृष्ट्याही अपुरा आहे.

प्रतिसादाचे टप्पे

प्रतिसाद कोणता द्यावा हे वर उल्लेखिलेल्या भीतीच्या प्रश्नावर अवलंबून आहे. जेथे भीती नाही, तेथे संवादाला वाव आहे. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ जॉन गॉटमन यांनी तक्रार आणि दोषारोप यांत केलेला भेद अशा वेळी ध्यानी घ्यावा. ‘काल पाहुण्यांसमोर तुम्ही मला गप्प बसविलेत, त्याचे मला वाईट वाटले’ ही एका कृतीविषयीची तक्रार झाली. ‘तुम्ही आहातच तसे’ हा स्वभावावरील आरोप झाला. पहिल्यास उत्तर देता येते, दुसऱ्यावर केवळ प्रत्यारोप होतो. कोणती गोष्ट यापुढे चालणार नाही आणि ती घडल्यास आपण काय करू, हे शांतपणे सांगावे. आणि जे करता येणार नाही ते सांगू नये.

जेथे भीती आहे, तेथे मात्र दोघांना समोरासमोर बसवून समेट घडविण्याचा प्रयत्न हा पहिला उपाय असू नये. समेटात उभय पक्ष मोकळेपणाने बोलू शकतात हे गृहीत असते, आणि येथे नेमके तेच खोटे असते. समुपदेशकासमोर उच्चारलेल्या वाक्याची किंमत घरी गेल्यावर मोजावी लागते. अशा वेळी प्रथम विश्वासातील एका व्यक्तीला वस्तुस्थिती सांगावी. घटनांची तारीखवार नोंद ठेवावी. ती घरात सुरक्षित नसेल तर अन्यत्र ठेवावी. दुखापत झाल्यास वैद्यकीय नोंद करून घ्यावी. ओळखपत्रे, शैक्षणिक प्रमाणपत्रे, बँकेची कागदपत्रे यांच्या प्रती बाहेर सुरक्षित असाव्यात. गळा आवळण्याचा प्रकार एकदाही घडला असेल, तर तो पुढील प्राणघातक हल्ल्याचा गंभीर इशारा समजावा. घर सोडण्याचा काळ हाच सर्वांत धोक्याचा असतो, म्हणून तो निर्णय आधी बोलून न दाखविता, पूर्वतयारीने व सोबतीने अमलात आणावा.

दाद मागण्याची स्थाने आज अनेक आहेत. २००५ च्या कायद्याखाली संरक्षण अधिकाऱ्यामार्फत वा थेट दंडाधिकाऱ्याकडे अर्ज करता येतो. संरक्षणाचा, राहत्या घरातील निवासाचा व आर्थिक साहाय्याचा आदेश मिळण्यासाठी घटस्फोट मागणे आवश्यक नाही. ही गोष्ट पुष्कळ सुशिक्षितांनाही ठाऊक नसते. १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्यानुसार कोणत्याही स्त्रीला, तिचे उत्पन्न कितीही असले तरी, विनामूल्य विधी साहाय्याचा हक्क आहे. टाटा सामाजिक विज्ञान संस्थेने १९८४ साली मुंबई पोलीस आयुक्तालयात स्त्रिया व मुलांसाठी विशेष कक्ष सुरू केला. प्रशिक्षित समाजकार्यकर्ता पोलीस यंत्रणेच्या आतच बसावा, हा विचार त्यातून महाराष्ट्रात रुजला. महिलांसाठी १८१ आणि तातडीच्या प्रसंगी ११२ हे दूरध्वनी क्रमांक उपलब्ध आहेत. पीडित पुरुषास २००५ च्या कायद्याचा आधार नसला तरी विवाहविषयक कायद्यातील क्रूरतेचे कलम पती व पत्नी दोघांनाही लागू आहे.

विभागातील आपले कर्तव्य

हा विषय आपल्या वर्गांपासून व क्षेत्रकार्यापासून दूर नाही. जागतिक आरोग्य संघटनेने २००१ साली प्रसिद्ध केलेल्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार अशा संशोधनात उत्तरदात्या स्त्रीची सुरक्षितता ही माहितीपेक्षा श्रेष्ठ होय. मुलाखत एकांतात घ्यावी. कोणी आल्यास विषय बदलावा. अभ्यासाचा खरा विषय घरात जाहीर करू नये. आणि साहाय्याची माहिती देण्याची तयारी असल्याखेरीज प्रश्न विचारू नयेत. ज्या घरातून आपण माहिती घेऊन निघतो, त्याच घरात तिला रात्र काढावयाची असते.

तद्वतच एखादी विद्यार्थिनी, विद्यार्थी वा सहकारी आपल्याजवळ मन मोकळे करील, तेव्हा ‘तू काय केले होतेस?’ हा प्रश्न प्रथम येऊ नये. ऐकून घ्यावे, विश्वास ठेवावा, निर्णय त्या व्यक्तीवर सोडावा, आणि कोठे जाता येईल ते नेमके सांगावे. वरील पाहणीतील मदत न मागणाऱ्या बहुसंख्य स्त्रियांचे मौन लक्षात घेता, कायदे पुरेसे आहेत की नाहीत या वादाइतकाच, पहिल्या ऐकणाऱ्याने कसे ऐकले हा प्रश्नही महत्त्वाचा आहे. म्हणीतील ‘तक्रार कोणाकडे करावी?’ या प्रश्नाचे उत्तर न्यायालयाच्या पायरीवर मिळण्याच्या कितीतरी आधी अशा एखाद्या खोलीत मिळते, किंवा कायमचे हरवते.