बर्फात चाक फिरतं, पण गाडी हलत नाही!

चेन्नईच्या अण्णा नगरात बर्फ पडत नाही. इथल्या माणसाला बर्फ माहीत तो उसाच्या रसात टाकलेला, नाहीतर फ्रीजमधला. तरीही इथल्या रस्त्यांवरून धावणाऱ्या कितीतरी नव्या गाड्यांच्या डॅशबोर्डवर एक दिवा असा आहे, की त्याची खरी परीक्षा बर्फातच होते. छोटीशी गाडी आणि तिच्याखाली दोन नागमोडी रेघा, असं त्याचं चित्र.

एरवी या दिव्याकडे कुणी बघत नाही. पण ऑक्टोबर ते डिसेंबर हा चेन्नईचा पावसाळा. पहिल्या सरींत रस्त्यावरची धूळ आणि सांडलेलं तेल पाण्यात मिसळून डांबर साबणासारखं होतं. सिग्नल सुटला, घाईत ॲक्सिलरेटर दाबला, की हा पिवळा दिवा क्षणभर लुकलुकतो. गाडीत काही बिघाड झाला की काय, म्हणून बरेच जण दचकतात. प्रत्यक्षात बिघाड नसतोच. चाक घसरायला लागलं होतं आणि ट्रॅक्शन कंट्रोलनं ते वेळीच सावरलं, एवढाच त्याचा अर्थ!

डिसेंबरची सुट्टी लागली, की यातलीच काही मंडळी मनालीची तिकिटं काढतात. चंडीगडपर्यंत विमान, पुढे भाड्याची गाडी आणि ती चालवायला घरातलाच एखादा हौशी. ‘गाडीत ट्रॅक्शन कंट्रोल आहे, मग बर्फाची काय भीती?’ हा त्याचा विश्वास. हा विश्वास किती खरा आणि किती खोटा, हे डोंगर चढण्याआधी समजून घ्यायला हवं.

पकड कुठून येते?

गाडी पुढे जाते ती इंजिनाच्या जोरावर, असं आपण म्हणतो. हे अर्धंच खरं. टायर रस्त्याला मागे रेटतो, म्हणून गाडी पुढे सरकते. हा रेटा लागायला पकड लागते. टायरचा तळहाताएवढा भाग तेवढा एका वेळी रस्त्याला टेकलेला असतो. सगळी पकड मिळते ती या चार तळहातांतून.

कोरड्या डांबरावर ही पकड भरपूर असते. दाबून घट्ट झालेल्या बर्फावर ती साधारण पाव ते तिसरा हिस्सा उरते आणि काचेसारख्या गोठलेल्या थरावर त्याहूनही कमी. इंजिनाचा जोर मात्र तेवढाच असतो. पकडीपेक्षा जोर जास्त झाला, की चाक जागच्या जागी गरगरतं. शेवाळलेल्या अंगणात धावायला गेलेल्या माणसाचे पाय जसे निसटतात, तसंच हे.

हे दुखणं मोटारीपेक्षाही जुनं आहे. भोर घाटात रेल्वेला ३७ फुटांना एक फूट असा चढ आहे. पावसाळ्यात ओल्या रुळांवर इंजिनाची पोलादी चाकं घसरतात. म्हणून रेल्वे इंजिनात वाळूची पेटी असते. चाक फिरायला लागलं, की चालक चाकापुढे रुळावर वाळू सोडतो आणि पकड परत मिळवतो. मोटारीत वाळूची पेटी नसते. तिनं दुसरी युक्ती शोधली आहे.

चाकांवर पहारा

अण्णा नगरच्या शेजारीच पाडी हा औद्योगिक भाग आहे. १९६०च्या दशकाच्या सुरुवातीपासून इथे ब्रेक्स इंडिया, व्हील्स इंडिया, ल्युकास-टीव्हीएस अशा कारखान्यांनी मोटारीचे ब्रेक, चाकं आणि विजेचे भाग बनवायला सुरुवात केली. चाकं, ब्रेक आणि वीज, नेमक्या या तिघांच्या जुळणीतून ट्रॅक्शन कंट्रोल काम करतं.

प्रत्येक चाकाजवळ एक सेन्सर बसवलेला असतो. चाकाबरोबर फिरणाऱ्या कड्याकडे तो सतत लक्ष ठेवतो आणि चाक किती वेगानं फिरतंय, याची खबर गाडीतल्या छोट्या संगणकाला देतो. खरं तर ही सोय एबीएस ब्रेकसाठी आली. बॉशनं बनवलेलं इलेक्ट्रॉनिक एबीएस १९७८ मध्ये मर्सिडीझच्या एस-क्लास गाडीत आलं. ब्रेक दाबल्यावर चाक अडकून घसरू नये, हे एबीएसचं काम. मग तंत्रज्ञांनी विचार केला, की हेच सेन्सर आणि हेच ब्रेक वापरून गाडी निघताना चाक गरगरण्यापासूनही रोखता येईल. एबीएसच्या या धाकट्या भावाचं नाव ट्रॅक्शन कंट्रोल. आपल्याकडे एप्रिल २०१९ पासून सर्व नव्या मोटारींना एबीएस सक्तीचं झालं. पण एबीएस असलेल्या प्रत्येक गाडीत ट्रॅक्शन कंट्रोल असतंच असं नाही.

समजा, गाडी बर्फाळ चढावर उभी आहे. पुढचं डावं चाक बर्फावर, उजवं चाक कोरड्या डांबरावर. डिफरन्शियलचा स्वभाव असा, की तो दोन्ही चाकांना सारखाच जोर देतो. बर्फावरच्या चाकाला जेवढा जोर पेलतो, तेवढाच उजव्याच्या वाट्याला येतो. म्हणजे उजवं चाक धडधाकट असूनही बिचारं उपाशीच! डावं नुसतं गरगरतं आणि गाडी जागची हलत नाही.

आता संगणकाच्या लक्षात येतं, की डावं चाक बाकीच्या तिघांपेक्षा फारच वेगात फिरतंय. तो दोन गोष्टी करतो. इंजिनाचा जोर कमी करतो आणि फक्त त्या गरगरणाऱ्या चाकाला ब्रेक लावतो. ब्रेकमुळे डाव्या चाकाला अडसर मिळाला, की तेवढाच जादा जोर उजव्या चाकालाही मिळतो आणि गाडी हलते. हे सगळं डोळ्याचं पातं लवायच्या आत. चालकाला जाणवते ती थोडी थरथर आणि दिसतो लुकलुकणारा दिवा.

जे त्याला जमत नाही

मात्र ट्रॅक्शन कंट्रोल नवी पकड निर्माण करत नाही. असलेली पकड वाया जाऊ देत नाही, इतकंच. चारही चाकं गुळगुळीत बर्फावर असतील, तर तोही हतबल. मुख्य म्हणजे गाडी थांबवायला त्याचा काहीच उपयोग नाही.

साधा हिशेब बघा. ताशी ३० किलोमीटर वेगातली गाडी ब्रेक लागल्यावर कोरड्या डांबरावर साधारण ५ मीटरमध्ये थांबते. दाबलेल्या बर्फावर तिला १७-१८ मीटर लागतात आणि काचेसारख्या थरावर ३५ मीटर! ट्रॅक्शन कंट्रोलमुळे चढ सहज चढता आला, म्हणून चालकाला वाटतं रस्ता चांगला आहे. त्याच रस्त्यानं उतरताना खरं काय ते कळतं. फोर बाय फोर गाडीचंही तेच. निघताना तिची चारही चाकं कामाला लागतात, थांबताना मात्र ती इतर गाड्यांसारखीच असते.

टायरचाही विचार हवा. आपल्याकडच्या टायरचं रबर उन्हाळा सोसण्यासाठी केलेलं असतं. तापमान ७ अंशांच्या खाली गेलं, की ते कडक होऊ लागतं आणि पकड घटते. जर्मनीत तर २०१० पासून बर्फाळ रस्त्यावर हिवाळी टायर कायद्यानंच सक्तीचे आहेत. तिकडे राहणाऱ्या मराठी कुटुंबांना दर हिवाळ्याआधी टायर बदलण्याची सवय होऊन जाते. आपल्याकडे बर्फात जाणाऱ्यांसाठी उपाय म्हणजे टायरवर चढवायच्या साखळ्या.

रुतलात तर?

डिसेंबर २०२४ मध्ये मनालीजवळ सोलंग आणि अटल बोगद्याच्या दरम्यान बर्फवृष्टीत पर्यटकांच्या शेकडो गाड्या अडकल्या. पोलिसांनी त्या बाहेर काढल्या. अशा वेळी पुढच्या गोष्टी लक्षात ठेवा.

बर्फावर निघताना ॲक्सिलरेटर अगदी हलका दाबा. साध्या गिअरची गाडी असेल, तर दुसऱ्या गिअरमध्ये क्लच हळूहळू सोडा. पुढच्या गाडीपासून भरपूर अंतर ठेवा. उतारावर खालचा गिअर घ्या, ब्रेकवर एकदम पाय देऊ नका.

भुसभुशीत बर्फात गाडी रुतली, तर मात्र ट्रॅक्शन कंट्रोल काही वेळा आडवं येतं. चाक जरा फिरलं, की ते इंजिनाचा जोर काढून घेतं आणि गाडी मलूल होते. इथे चाक थोडं फिरून बर्फ उकरणंच फायद्याचं असतं. म्हणून तर ते बंद करायचं बटण बऱ्याच गाड्यांत दिलेलं असतं. बटण बंद करा, चाकांपुढचा बर्फ हातानं दूर करा, पायपुसणं किंवा वाळू चाकाखाली टाका आणि हलक्या पायानं गाडी पुढे-मागे झुलवत बाहेर काढा. बाहेर पडलात, की बटण पुन्हा चालू करा.

आणि गाडी निघालीच नाही, तर एक गोष्ट विसरू नका. जानेवारी २०२२ मध्ये पाकिस्तानात मरी इथे बर्फ बघायला गेलेल्यांच्या गाड्या हिमवादळात अडकल्या आणि किमान २२ जण दगावले. त्यात लहान मुलंही होती. काहींचा जीव थंडीपेक्षा कार्बन मोनॉक्साइडनं गेल्याचं तेव्हा सांगण्यात आलं. सायलेन्सरचं तोंड बर्फानं बुजलं आणि आत हीटरसाठी इंजिन चालू ठेवलं, तर हा विषारी वायू गाडीत शिरतो. त्याला ना रंग, ना वास. झोपेतच माणूस जातो. म्हणून आधी सायलेन्सरभोवतीचा बर्फ काढा, काच थोडी उघडी ठेवा, इंजिन अधूनमधूनच चालवा आणि मदत बोलवा.

अण्णा नगरच्या हौशी चालकानं निघण्यापूर्वी गाडीच्या पुस्तकातलं एक पान तेवढं वाचावं. दिवा लुकलुकला, तर यंत्रणा काम करतेय. सतत पेटून राहिला, तर ती बंद आहे किंवा बिघडली आहे. भाड्याची गाडी ताब्यात घेतानाही हा दिवा, ते बटण आणि टायरची नक्षी आधी बघून घ्यावी. पुढच्या पावसात आपल्याच रस्त्यावर तो दिवा लुकलुकला, तर घाबरू नये. ॲक्सिलरेटरवरचा पाय थोडा हलका करावा. बर्फातही करायचं असतं ते हेच!