कर्नाळ्याचा डोंगर आणि घरची मंडळी

पनवेलहून पेणच्या रस्त्याने निघालात की थोड्या वेळाने एक डोंगर दिसू लागतो. डोंगराच्या माथ्यावर काळ्या दगडाचा एक सुळका आहे. मुठीतून अंगठा वर काढावा, तसा तो दिसतो. हा कर्नाळा किल्ला. इंग्रजांना त्यात नरसाळे दिसले, म्हणून त्यांनी त्याला ‘फनेल हिल’ म्हटले. आपण अंगठाच म्हणू. आपल्यापैकी कित्येकजण काल-परवापर्यंत कागदावर अंगठा उठवीत होते. आता सही करतात. तेव्हा या अंगठ्याला जवळून पाहून यावे, असे आम्ही गेल्या थंडीत आमच्या रात्रीच्या वर्गात सांगितले.

वर्गातल्या एक आजी लगेच म्हणाल्या, “गुरुजी, डोंगर काय बघायचा? फाटी आणायला जन्मभर डोंगरच चढलो की आम्ही!”

बोलणे खरे होते. शहरातली माणसे पाठीला पिशवी लावून डोंगर चढतात, त्याला छंद म्हणतात. आपण डोक्यावर मोळी घेऊन उतरतो, त्याला कोणी काही म्हणत नाही. पण आम्ही आजींना विचारले, “कधी नातवंडांना घेऊन गेलात? कधी माथ्यावर जाऊन बसलात?” त्या गप्प झाल्या. मग म्हणाल्या, “वर कशाला जाईन? फाटी खालीच मिळतात.”

मग काय, रविवारी निघायचे ठरले. बायामाणसे, पोरेटोरे धरून आम्ही अठराजण झालो.

कर्नाळा पनवेलपासून सुमारे १२ किलोमीटर आहे. पेण-अलिबागकडे जाणारी एसटी त्याच रस्त्याने जाते. गाडी तिथे थांबेल ना, हे कंडक्टरला आधी विचारून घ्यावे. वाटेत शिरढोण गाव लागते. आद्य क्रांतिकारक वासुदेव बळवंत फडके यांचा जन्म ४ नोव्हेंबर १८४५ रोजी इथेच झाला. त्यांचे आजोबा कर्नाळ्याचे किल्लेदार होते. इंग्रजांनी १८१८ साली किल्ला घेतला. पुढे नातवाने इंग्रजांविरुद्ध बंड केले. त्याला एडनच्या तुरुंगात ठेवले आणि १८८३ साली तिथेच त्याचा अंत झाला. गाडीतून शिरढोण दाखवताना आम्ही मुलांना हे सांगितले. डोंगर दिसायच्या आधी त्याची ओळख झालेली बरी.

किल्ल्याभोवतीचे रान १९६८ सालापासून पक्ष्यांचे अभयारण्य आहे. अभयारण्य म्हणजे जिथे पाखरांना आणि जनावरांना भय नाही असे रान. सुरुवातीला ते लहान होते, पुढे वाढवले. आता ते सुमारे १२ चौरस किलोमीटर आहे. इथे शिकार करणे, पाखरे धरणे, झाड तोडणे हा गुन्हा आहे. फाटीसुद्धा आणायची नाहीत. हे ऐकून आजींनी कपाळाला आठी घातली. आम्ही काही बोललो नाही. ज्याची चूल लाकडावर चालते, त्याला हा कायदा जड वाटणारच.

दारापाशी तिकीट काढावे लागते. तिथे पिशव्या तपासतात. प्लॅस्टिकच्या बाटल्या आणि डबे मोजून अनामत रक्कम घेतात. परत येताना तेवढ्याच वस्तू दाखवल्या की पैसे परत मिळतात. आम्हाला ही पद्धत फार आवडली. नुसता उपदेश करून कचरा कमी होत नाही. पैसे अडकले की माणूस बाटली विसरत नाही.

आत गेल्यावर वाटांच्या पाट्या लागतात. इथे आमच्या वर्गाची खरी परीक्षा झाली. एका पाटीवर ‘हरियाल’ असे वाटेचे नाव होते. आजींनी चष्मा पुसला आणि एकेक अक्षर लावून वाचले. “ह-रि-या-ल. म्हणजे काय हो गुरुजी?” हरियाल म्हणजे हिरवे कबूतर. हा आपल्या महाराष्ट्राचा राज्यपक्षी आहे. वडा-उंबराला फळे आली की यांचे थवे झाडावर उतरतात. रंग पानांसारखा, म्हणून चटकन दिसत नाहीत. दुसऱ्या वाटेचे नाव ‘मोरटाका’. त्याचा अर्थ मात्र आजींनी स्वतःच लावला. “टाक्यावर मोर पाणी पीत असतील!” असतीलही.

ज्यांच्याबरोबर अगदी लहान मुले किंवा गुडघेदुखीची माणसे आहेत, त्यांनी या रानातल्या वाटांवरच फिरावे. हट्टाने किल्ला चढू नये. सावलीत बसून कान दिले तरी पुष्कळ मिळते. तांबट पक्षी तांब्याचे भांडे ठोकल्यासारखा टुक टुक करतो. भृंगराज काळा असतो, त्याच्या शेपटीला दोन लांब काड्या आणि टोकाला पिसांचे गोंडे असतात. तो इतर पाखरांच्या नकला करतो. पोरांनी मोठ्याने ओरडून त्याची नक्कल केली, तेव्हा तो उडून गेला. मग पोरे आपोआप हळू बोलू लागली.

किल्ल्याची वाट चढाची आहे. डोंगर सुमारे दीड हजार फूट उंच आहे. सवयीचा माणूस तासा-सव्वा तासात वर जातो. आम्हाला दोन तास लागले, कारण आमचा नियम एकच होता. सर्वात लहान पोराच्या चालीने सगळ्यांनी चालायचे. त्याला पुढे ठेवायचे. मागे ठेवले तर ते रडते, पुढे ठेवले तर ते पुढारी होते.

शिदोरीला तांदळाची भाकरी, सुकटीची चटणी, काकडी आणि गूळ-शेंगदाणे होते. प्रत्येकामागे निदान दीड लिटर पाणी घ्यावे. किल्ल्यावर दगडात खोदलेली टाकी आहेत, पण ते पाणी पिऊ नये. पायात घट्ट बसणारे बूट असावेत. गुळगुळीत तळाच्या चपला उतरताना घसरतात. चढताना कोणी पडत नाही, पडतात ते उतरताना. रानात माकडे आहेत. हातात खाऊ दिसला की ती झडप घालतात. खाऊ पिशवीत ठेवावा आणि त्यांना घालूही नये.

आता एक भीतीची गोष्ट सांगतो. सुळक्याच्या कातळाला आग्या मोहोळाची पोळी लागतात. या माश्या मोठ्या आणि रागीट असतात. धूर, उग्र वासाचे अत्तर, दगड किंवा आरडाओरडा यांनी त्या उठतात. आम्ही नोकरीत होतो तेव्हा एका सहलीत एका मुलाने सुळक्याखाली गंमत म्हणून पाचोळा पेटवला. धूर वर गेला आणि मोहोळ उठले. मुले वाट फुटेल तिकडे पळाली. एकजण दगडावर पडला, त्याचे कपाळ फुटले. एका ठाकर दादाने आपले घोंगडे त्याच्यावर टाकले आणि त्याला झाडीत नेले. पोराचे प्राण वाचले. चूक आमची होती. आम्ही निघताना मुले मोजली, पण खिशातली काड्यापेटी पाहिली नाही. ती गोष्ट आठवली की अजून छातीत धडधडते.

म्हणून वर विडी, आगपेटी, फटाका नको. मोहोळ उठलेच तर हात झाडू नयेत. तोंड-डोके फडक्याने झाकून तिथून लवकर दूर जावे. अंगात रुतलेले काटे नखाने खरवडून काढावेत. फार डंख झाले किंवा दम लागू लागला, तर वेळ न घालवता दवाखाना गाठावा. सापाचेही तसेच. जखम कापू नये, चोखू नये. माणसाला धीर द्यावा, शांत ठेवावे आणि इस्पितळात न्यावे. सर्पविषावरची लस तिथेच मिळते.

दहाच्या सुमारास आम्ही माथ्यावर पोचलो. सुळका सुमारे सव्वाशे फूट उंच आहे. त्यावर दोर लावून शिकलेले गिर्यारोहक चढतात. आपण खालूनच पाहावा. हा काळा कातळ म्हणजे ज्वालामुखीतून निघालेला आणि थंड झालेला रस. ही सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीची गोष्ट आहे. भोवतीचे मऊ दगड पावसाने झिजले, कठीण भाग उभा राहिला. पूर्वी घाटावरून बोरघाटाने माल पनवेल बंदराकडे येई. त्या वाटेवर नजर ठेवायला ही जागा उत्तम. म्हणून किल्ल्यासाठी राजे भांडले. शिवाजी महाराजांनी तो १६५७ साली घेतला, १६६५ च्या पुरंदरच्या तहात दिलेल्या २३ किल्ल्यांत तो गेला आणि १६७० साली पुन्हा स्वराज्यात आला.

समोर प्रबळगड दिसतो, त्यामागे माथेरान. प्रबळगडाच्या पलीकडच्या अंगाला गाढी नदीवर देहरंगचे धरण आहे. पनवेलकरांच्या नळाला तिथले पाणी येते. एका बाईंनी विचारले, “म्हणजे माझ्या घागरीतलं पाणी त्या डोंगरावरून येतं?” होय, पावसात या डोंगरांवर पडलेले पाणीच ते. रान पावसाचे पाणी धरून ठेवते आणि माती धरून ठेवते.

माती सुटली तर काय होते, ते आपल्या रायगड जिल्ह्याने पाहिले आहे. १९ जुलै २०२३ च्या रात्री खालापूर तालुक्यात इर्शाळगडाच्या कुशीतल्या ठाकरवाडीवर दरड कोसळली. माणसे झोपेत होती. २७ जणांचे देह सापडले, ५७ जण सापडलेच नाहीत. म्हणून आम्ही म्हणतो, कुटुंबाने डोंगरावर जायचे ते ऑक्टोबर ते फेब्रुवारीत. मुसळधार पावसात चढाच्या पायथ्याशी आणि धबधब्याखाली जाऊ नये. खारघरचा पांडवकडा दिसायला सुंदर आहे, पण तिथे माणसे बुडाल्यामुळे पावसाळ्यात वाट बंद करावी लागते. बंदीची पाटी दिसली की मागे फिरावे. पाटी वाचता येते आणि तरी पुढे जातो, अशा शहाण्यांना काय म्हणावे ते आम्हाला सुचत नाही.

उतरताना आजी नातीचा हात धरून चालत होत्या. मध्येच थांबून म्हणाल्या, “गुरुजी, रिकाम्या डोक्यानं डोंगर उतरते आहे. पहिल्यांदाच.” मग त्या नातीला झाडे दाखवू लागल्या. हा ऐन, हा कुडा, हा पांगारा. आम्हाला त्यातली निम्मी ओळखता आली नसती.

खाली आलो तेव्हा अनामतीचे पैसे परत मिळाले. एक बाटली कमी भरली होती, ती एका पोराच्या खिशात सापडली. आता शेवटचा धोका उरला होता, आणि आमच्या मते तोच सर्वात मोठा. तो बिबट्याचा नाही, हमरस्त्याचा आहे. मुंबई-गोवा रस्त्यावर गाड्या वाऱ्यासारख्या धावतात. जाता-येता कधी तरी तो ओलांडावाच लागतो. मुलांचा हात सोडू नये, आणि धावू नये.

आम्ही सारे थकून रस्त्याच्या कडेला उभे होतो. एसटी दिसताच आम्ही घाईने हात केला. गाडी हळू झाली. आजींनी आमची बाही ओढली. “गुरुजी, पाटी वाचा. पेण लिहिलंय. आपली गाडी पलीकडून येईल.”