हिवतापात लघवीकडे लक्ष हवे

गेल्या पावसाळ्यातली गोष्ट. पस्तिशीतल्या एका शेतमजुराला त्याचा भाऊ व बायको माझ्याकडे घेऊन आले. पाच दिवस थंडी वाजून ताप येत होता. गावात अंगदुखीची दोन इंजेक्शने झाली, एक सलाईन झाले. ताप थोडा उतरला म्हणून घरचे निर्धास्त झाले. मग डोळे पिवळे दिसू लागले, तेव्हा कावीळ उतरवणाऱ्याकडे नेले. त्यात आणखी दोन दिवस गेले.

मी विचारले, "लघवी किती होते?" भाऊ गप्प. बायको म्हणाली, "काल सकाळी थोडीशी झाली साहेब, कोऱ्या चहासारखी. आज नाहीच." रक्त तपासले तेव्हा फॅल्सिपेरम जातीचा हिवताप निघाला आणि मूत्रपिंडे जवळजवळ बंद पडलेली आढळली.

हिवताप म्हणजे थंडी, ताप आणि घाम एवढेच आपल्याला ठाऊक असते. त्याचा मूत्रपिंडाशी संबंध काय, असा प्रश्न वाचकांना पडेल. हिवतापाचे जंतू रक्तातील तांबड्या पेशींत वाढतात. फॅल्सिपेरम जातीत या पेशी चिकट बनतात व बारीक रक्तवाहिन्यांच्या आतल्या बाजूला चिकटून बसतात. मूत्रपिंड म्हणजे अशा बारीक वाहिन्यांचे जाळेच. तेथील रक्तप्रवाह मंदावतो. त्यातच ताप, घाम आणि उलट्यांमुळे शरीरातील पाणी कमी झालेले असते. पेशी फुटून बाहेर पडलेले रक्तद्रव्य मूत्रपिंडातील नलिकांना इजा करते. परिणामी लघवी कमी होते, गडद होते आणि शेवटी थांबते. व्हायव्हॅक्स हिवताप सौम्य समजला जातो, पण त्यातही क्वचित असे घडते.

निरोगी प्रौढ माणसाला दिवसाकाठी साधारण एक ते दोन लिटर लघवी होते. ती २४ तासांत ४०० मिलिलिटरहून कमी झाली, तर तो धोक्याचा इशारा समजावा. म्हणून तापाच्या रुग्णाजवळ पाण्याची एक रिकामी बाटली ठेवा आणि लघवी मोजा. काही खर्च नाही, पण डॉक्टरांना यातून फार मोठी माहिती मिळते. रक्तातील क्रिएटिनिन तपासून निदान पक्के करता येते. हिवतापात ते ३ मिलिग्रॅमच्या वर गेले की आजार गंभीर मानतात.

काही चुका मात्र कटाक्षाने टाळाव्यात. अंगदुखीसाठी डायक्लोफिनॅक, आयब्युप्रोफेन यांसारखी औषधे मनाने घेऊ नयेत. दुखावलेल्या मूत्रपिंडांवर ती आणखी घाव घालतात. तापासाठी योग्य मात्रेत पॅरासिटामॉल पुरते. लघवी होत नाही म्हणून सलाईनचा आग्रह धरू नका. बाहेर न जाणारे पाणी फुप्फुसात साठते आणि रुग्णाला धाप लागते. शहाळ्याचे पाणी एरवी उत्तम, पण लघवी थांबली असताना त्यातील पोटॅशियम रक्तात साचून हृदयाला धोका पोचवते. आणि तापात डोळे पिवळे झाले, तर ती साधी कावीळच आहे असे धरून चालू नका. आधी रक्त तपासा.

ही तपासणी सरकारी दवाखान्यात मोफत होते. अनेक गावांत आशा कार्यकर्तीकडेही तपासणीचा संच असतो. गंभीर हिवतापात आर्टेसुनेटचे इंजेक्शन शिरेतून देतात. मूत्रपिंडे बिघडलेली असली तरी ते देता येते. पुढील गोळ्यांचा डोस ताप उतरला तरी पूर्ण करावा. प्रायमाक्विनच्या गोळ्या सुरू असताना लघवी काळपट झाली, तर मात्र गोळी थांबवून लगेच डॉक्टरांना गाठावे.

डायलिसिसचे नाव काढले की नातेवाईक घाबरतात. "एकदा मशीन लावले की जन्मभर लागते," असा समज आहे. त्या शेतमजुराचा भाऊही हेच म्हणाला आणि रुग्णाला घरी न्यायला निघाला. हिवतापातला बिघाड बहुधा तात्पुरता असतो, मूत्रपिंडे सावरेपर्यंतच यंत्राची मदत लागते, हे त्याला समजावताना माझा तास गेला. अखेर तो जिल्हा रुग्णालयात न्यायला तयार झाला. तेथे चार वेळा डायलिसिस झाले. दहाव्या दिवशी लघवी वाढू लागली आणि महिन्याभराने तो चालत मला भेटायला आला.

आणखी दोन दिवस उशीर झाला असता, तर मी हे असे लिहू शकलो नसतो. म्हणून वाचकहो, घरात कोणाला थंडी-ताप असेल तर थर्मामीटर जरूर लावा, पण लघवी किती झाली हेही विचारायला विसरू नका.